जुनं काही सापडलं, आता जालावर टाकायचंय? (अनुभव धागा)

विरगळी (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), मोडी कागद, जुनी छापील चित्रं रोज कुणीतरी टाकतं आणि खाली ठरलेला प्रश्न येतो, "हे कुठलं?" टाकणाऱ्यालाही पत्ता नसतो. तुम्ही टिपता कसं, नोंदवता कसं, कुठे फसतं ते लिहा. "छान माहिती" नको, कृती हवी.

*

विरगळीचा भर दुपारचा फोटो बाद समजा. डोक्यावरच्या उन्हात उठाव मरतो. सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढा. देवळात अंधार असेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, कडेने धरा: एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. उभ्या रेघा बाजूच्या उजेडात उठतात, आडव्या वरच्या. अक्षरांत खडू, पीठ, तेल काहीही भरायचं नाही. तेल दगडात मुरतं आणि त्यावर धूळ बसते ती कायमची. शेजारी 10 सेंमीची पट्टी ठेवा, नाहीतर वीतभर दगड पुरुषभर वाटतो.

आधी पूर्ण दगड, मग एकेक चौकट. बहुतेकदा खाली लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश नि चंद्र-सूर्य. पायथा मातीत गेलाय का ते जरूर लिहा. "तीन चौकटींची विरगळ" अशी नोंद होते आणि चौथी जमिनीत असते. पण म्हणून उकरायला जाऊ नका!

*

वरच्याला पुरवणी. काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला की सतीशिळा. खाली गाढव असेल तर गधेगळ: वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली दान मोडणाऱ्याला शिवी. ते शिवीचं शिल्प लाजेखातर फोटोतून कातरणारे बरेच असतात. शिवी कापली तर राहिलं काय?

*

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की आकार घटतो आणि आतली तारीख-ठिकाणाची नोंद पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाइलला तिथेच नाव द्या: तालुका-गाव-देऊळ-तारीख-क्रमांक. उघड्यावरच्या सुट्या मूर्तीचं नेमकं ठिकाण मात्र चारचौघांत टाकू नये, गावाच्या नावावर थांबा. मूर्तिचोरही वाचतात.

*

मोडी कागद: घडी दाबून सरळ करू नका, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. स्कॅन 300 डीपीआय, बारीक अक्षराला 600, मागच्या बाजूसकट. कधीकधी शिक्का किंवा शेरा तिथेच असतो.

खरी गफलत सनात. इसवी सनासाठी शकात 78 मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर 79. पौष दोन्हींकडे पडतो, तिथी ताडून बघा. पडताळ्याला संवत्सर (साठ नावांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, पहिलं प्रभव) आहेच: शकात 12 मिळवून 60 ने भागा, उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक. राज्याभिषेकाचा शक 1596; 1608 ला 60 ने भागल्यावर 48 उरतात, म्हणजे आनंद. जुळलं. जुळलं नाही तर बहुधा आकडा चुकीचा वाचलाय.

पेशवाई कागदांवर शुहूर सन अरबी शब्दांत असतो, तोही एककापासून. "तिसा खमसैन मया व अलफ" म्हणजे 9, 50, 100 आणि 1000, म्हणून 1159. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृग ते डिसेंबर 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणून हा कागद 1758-59 चा. सरसकट 600 मिळवणाऱ्यांचे निम्मे कागद वर्षभर पुढे सरकतात.

*

देवादिकांची जुनी चित्रं "ओरिजिनल रविवर्मा" म्हणून फिरतात. दहापट भिंग लावा. दगडी छापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टिंबं दिल्यासारखे. ऑफसेटमध्ये एकसारखे, फुलासारख्या गोल रचनेत. तशी फुलं दिसली की ती अलीकडची नक्कल. चित्र काचेत असेल तर फ्रेममधून न काढता निर्णय देऊ नका. आणि "थोरल्या बाजीरावांचा दुर्मीळ फोटो" आला तर एवढंच सांगा: छायाचित्रणाची कला जाहीर झाली 1839 मध्ये.

*

हक्कांचं थोडक्यात. आपल्याकडे 2012 पर्यंत फोटोचा हक्क प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं होता; आता फोटोचाही, लेखकाच्या पुस्तकासारखाच, कर्त्याच्या मृत्यूनंतर 60. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचं मुक्त चित्रभांडार) टाकताना "व्यापारी वापर नको" ही अट चालत नाही, फाइल उडते. स्वतःच्या फोटोला सीसी बाय-एसए (नाव देऊन, त्याच अटींवर कुणीही वापरावं असा परवाना) निवडा, आणि वर्णनात "गुगलवरून साभार" लिहू नका, तो स्रोत नव्हे.