गारठ्यात लाकूडफोड यंत्र अडतंय

ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, लाकूडफोड यंत्र चालवतो. पहाटे पाचर ओंडक्यात निम्मी शिरते आणि थांबते, पंप नुसता घोंघावतो. उन्हं वर आली की तेच यंत्र झकास चालतं. पंप गेला म्हणायचा का?

उत्तर १: पंपाला इतक्यात हात लावू नका. थंडीत तेल काकवीसारखं घट्ट होतं, पंपाला ओढवत नाही. कमी रेसवर दहा-पंधरा मिनिटं रिकामं फिरू द्या, पाचर चार वेळा मोकळीच पुढे-मागे करा, मग पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर न्या. टाकीतली जाळीही बघा. माझ्या जाळीत चिंधी निघाली होती! कोणी टाकली, अजून कोणी कबूल करत नाही.

उत्तर २: तेलाचा रंग कसा आहे? दुधट असेल तर पाणी शिरलंय.

उत्तर ३: घाईत एक विसरू नका, ओंडका ठेवणाऱ्यानेच लीव्हर ओढायचा. मी ओंडका धरला, भावाने लीव्हर ओढला. हातमोज्याचं टोक गेलं, बोट थोडक्यात वाचलं.

प्रश्नकर्ता: तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तेल अगदी ताकासारखं. टाकीच्या झाकणाचं वायसर फाटलंय, यंत्र पावसाळाभर उघड्यावर होतं. उद्या सगळं तेल उपसतो.