आयसीपीची क्वार्ट्झ टॉर्च सारखी पांढरी पडून तडकतेय, सिरॅमिकची घ्यावी का? मदत हवी आहे

राम राम मंडळी,
जळगावकडे माती आणि पानं तपासायची लॅब आहे आमची. आयसीपी-ओईएस वर (सॅम्पल आर्गॉनच्या प्लाझ्मात तापवून त्याच्या उजेडावरून धातू मोजणारं मशीन) डीटीपीए एक्स्ट्रॅक्टमधलं, म्हणजे मातीतले धातू ओढून घेणाऱ्या द्रावणातलं, झिंक, लोह, मँगनीज, कॉपर काढतो, शिवाय रावेर-यावलकडून केळीची पानं येतात त्यांचं डायजेशन (ॲसिडमध्ये विरघळवणं). आता मृगबागेच्या लावणीआधीची गर्दी आहे आणि नेमकी टॉर्च त्रास देतेय, रिपोर्ट लेट गेला तर शेतकऱ्याची खताची वेळ निघून जाते, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

टॉर्च म्हणजे जिच्यात प्लाझ्मा पेटतो ती नळी, आमची वन-पीस क्वार्ट्झची, एकात एक तीन नळ्या. बाहेरून मिनिटाला 15 लिटर आर्गॉन, मधल्या नळीतून 0.5, सगळ्यात आतल्या नळीतून म्हणजे इंजेक्टरमधून सॅम्पलसोबत 0.7. प्लाझ्मा पेटवणाऱ्या कॉइलची आरएफ (रेडिओ लहरी) 27.12 मेगाहर्ट्झ, पॉवर 1300 वॅट. नवीन बसवली की छान चालते, मग कॉइलच्या वर बाहेरची नळी दुधाळ पांढरी पडायला लागते, थंड झाल्यावर नख फिरवलं तर खरखरीत लागते आणि पुढे तिथूनच तडा जातो. इंजेक्टरच्या टोकाला पांढरी खपली धरते ती वेगळीच, ती वाढली की झिंकचा सिग्नल हळूहळू उतरतो आणि इंटरनल स्टँडर्ड म्हणून (तुलनेसाठी प्रत्येक सॅम्पलमध्ये सारखंच) घातलेलं यट्रियमपण सोबतच खाली येतं.

सोडियम-पोटॅशियमसारख्या क्षारांनी तापलेल्या क्वार्ट्झचे स्फटिक बनायला लागतात हे माहितीये, आणि केळीच्या पानात पोटॅशियम भरपूर, त्यात तापीकाठच्या खारवट जमिनींचे सॅम्पल. सप्लायर म्हणतो सगळीकडे असंच होतं, नवीन घ्या. पण डिझाइन बदलून फरक पडत असेल तर सुटे पार्ट बदलता येणारी टॉर्च आणि सिरॅमिकची बाहेरची नळी घ्यायची तयारी आहे. कोणी वापरलीय का? इंजेक्टर किती मिमीचा घेऊ, सध्या 1.5 चा आहे.

प्रतिसाद:
दादा, तुमचे दोन त्रास वेगळे आहेत, आधी खपलीचं बघा. डीटीपीएच्या द्रावणात लिटरला 14.92 ग्रॅम टीईए (ट्रायइथॅनॉलअमाइन), 1.97 डीटीपीए आणि 1.47 कॅल्शियम क्लोराईड, म्हणजे जवळजवळ 1.8 टक्के विरघळलेला माल तुम्ही 1.5 च्या भोकातून पाठवताय. 2 किंवा त्याहून मोठा इंजेक्टर घ्या. मधल्या नळीचा गॅस 1 पर्यंत वाढवा, प्लाझ्मा इंजेक्टरपासून वर उचलला जातो आणि टोक कमी तापतं. आणि सरळ पाचपट डायल्यूट करा की! झिंकची मर्यादा (जिच्याखाली जमिनीत झिंक कमी समजतात) किलोला 0.6 मिलिग्रॅम धरली तरी 10 ग्रॅम मातीला 20 मिली द्रावण म्हणजे लिटरला 0.3 मिलिग्रॅम, पाचपट केल्यावर 60 पीपीबी (लिटरला 0.06 मिलिग्रॅम) उरतं, मशीन ते आरामात वाचतं. फक्त स्टँडर्डपण त्याच पातळ केलेल्या द्रावणात बनवा.

पांढरं पडण्यावर सिरॅमिकची नळी खरंच चांगला उपाय आहे, महाग पडते पण क्षारांना क्वार्ट्झपेक्षा पुष्कळ जास्त टिकते. एवढंच की आरपार दिसत नाही, इंजेक्टरचं टोक बघायला टॉर्च काढावी लागते. क्वार्ट्झ आहे तोवर उघड्या हाताने धरू नका, घामातलं मीठसुद्धा तेच काम करतं. प्रत्येक बॅचनंतर पातळ नायट्रिकने नीट रिन्स द्या, मगच प्लाझ्मा बंद करा.

धागाकर्ता:
लय भारी समजावलं भाऊ, धन्यवाद! डायल्यूशन आजच सुरू करतो आणि 2 मिमीच्या इंजेक्टरची ऑर्डर टाकतो. इंजेक्टर अल्युमिनाचा घेऊ की क्वार्ट्झचाच चालेल? हायड्रोफ्लोरिक आम्ही कशालाच वापरत नाही.

प्रतिसाद:
मग क्वार्ट्झचाच घ्या. अल्युमिना लागतो तो हायड्रोफ्लोरिकवाल्यांना, ते ॲसिड क्वार्ट्झ खातं.