कोरोनाकाळात बसवलेली हात धुण्याची सोय पुन्हा सुरू करावी का?

चाळकरी (लोकमान्यनगर, ठाणे):
आमच्या सामायिक शौचालयाच्या दाराशी २०२० मध्ये चाळ समितीने दोनशे लिटरचे निळे पिंप, पायाने दाबायची तोटी आणि जाळीत बांधलेला साबण अशी सोय केली होती. आज पिंपात डासांच्या अळ्या आहेत, तोटी कोणीतरी काढून नेली आहे आणि रिकामी जाळी खिळ्याला लटकते आहे. दुरुस्तीचा खर्च बैठकीत मांडला असता, कोरोना हवेतून पसरतो हे कळल्यावर पिंपावर पैसे कशाला घालवायचे, असा प्रश्न काही सभासदांनी केला. नळाला पाणी दिवसातून जेमतेम दीड तास असते. जाणकारांनी मत द्यावे.

पाणवठा (ऐरोली):
माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात झाली. सभासदांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. तो आजार मुख्यतः श्वासावाटेच पसरतो. परंतु हगवण, विषमज्वर आणि कावीळ हातावाटे व पाण्यावाटे पसरतात आणि ते कोरोनाबरोबर गेलेले नाहीत. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले जाते. ते तुमच्या चाळीत मिळत नसणार, तेव्हा पाणी कसे वापरले जाते हे महत्त्वाचे ठरते. नळ सोडून २० सेकंद हात धुतले, तर दीड-दोन लिटर सहज वाहून जातात. पायतोटीने त्याच्या पाव हिश्श्यात भागते. (आम्हा नवी मुंबईकरांना मोरबे धरण आहे, त्यामुळे आम्हाला हिशेब सांगणे सोपे जाते, हे कबूल करतो.) आणखी एक गोष्ट अशी की, पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि गटारालगतच्या गळक्या जोडातून घाण आत ओढली जाते, म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते पिण्यासाठी भरू नये. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे लागते. ते तपासण्याच्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत या द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले नाही, तर तक्रार अवश्य नोंदवावी.

सांजवात (दिघा):
काका, आपला हिशेब पटला, पण साथीत आम्हाला साबणापेक्षा रांगेने जास्त छळले. माझे दीर बाधित असताना घरातच वेगळे राहा, असे सांगण्यात आले. शौचालय मात्र साऱ्या गल्लीचे एकच होते. रात्री दोनला रांग नसते म्हणून ते तेव्हा जात आणि मी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची बादली घेऊन मागून कडी, दार, भांडे धुऊन काढी. स्वच्छ भारत अभियानाच्या प्रमाणानुसार सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे आणि २५ स्त्रियांमागे एक सीट असावी; आमच्याकडे मोजले, तर दुपटीहून अधिक माणसे निघाली. म्हणून माझे मत असे की, पिंप जरूर लावा, पण आधी आतल्या नळाला पाणी, दाराला कडी आणि रात्री दिवा, एवढे तरी करा. नाहीतर बायका संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडतात.

पाणवठा:
ताई, कडी-दिव्याचा क्रम मला आधी सुचायला हवा होता. एक सावधगिरी मात्र चाळकरी यांनी पाळावी : ब्लीचिंग पावडर आणि शौचालय धुण्याचे ॲसिड एकाच वेळी कधीही वापरू देऊ नये. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंदिस्त जागेत सफाई कामगाराचा जीव धोक्यात येतो.

चाळकरी:
आमच्याकडे दोन्ही बाटल्या एकाच कोनाड्यात ठेवलेल्या आहेत. आजच वेगळ्या करतो. रविवारच्या बैठकीत कडी, दिवा आणि झाकणाचे पिंप याच क्रमाने खर्च मांडीन. तोटी या वेळी साखळीने बांधू.