मदत हवी आहे: सेलवर टाकलं की जीएसएम मॉड्यूल रिसेट होतं

मंडळी, द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजून दर तासाला जीएसएम मॉड्यूलने (मोबाईल नेटवर्कवरून डेटा पाठवणारा भाग) कळवणारं यंत्र बनवतोय. टेबलावरच्या सप्लायवर झकास चालतं, ३.६ व्होल्टच्या लिथियम थायोनिल सेलवर टाकलं की नेटवर्क शोधतानाच मॉड्यूल रिसेट!

ऑसिलोस्कोप (व्होल्टेज-करंटचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून पाहिलं. दर ४.६ मिलिसेकंदाला ०.५७७ मिलिसेकंदाचा बर्स्ट (मॉड्यूलचं क्षणभराचं प्रक्षेपण), तेवढ्यात करंट २ अँपिअरला भिडतो आणि व्होल्टेज ३ च्या खाली बसतं. सेलला आधार म्हणून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (जुन्या बोर्डावरून उपटलेला) लावला, पण हिशेब केला तर एका बर्स्टला तो एकटाच १.१५ व्होल्टने रिकामा होतोय.

सुपरकपॅसिटर (खूप जास्त चार्ज साठवणारा कपॅसिटर) लावू? पण त्यातून सतत होणारी करंटची गळती, यंत्र झोपेत (स्लीप मोडमध्ये) फक्त काही मायक्रोअँपिअर खातं त्या बचतीवर पाणी फिरवेल, ही धास्ती. की सरळ एनबी-आयओटी (कमी विजेवर थोडा डेटा पाठवणारं मोबाईल नेटवर्क) मॉड्यूल घेऊन पीएसएम (त्याचा वीज वाचवणारा झोप-मोड) वापरू? दोन्हींपैकी काही कुणी शेतात प्रत्यक्ष चालवलंय का?