निवडून येणारा उमेदवार की पटणारा? मिशिगन प्रायमरी, १० मार्च

नोव्हायकर (२७ फेब्रुवारी २०२०)

लोकहो, नागरिकत्व मिळाल्यानंतरचं हे माझं पहिलंच अध्यक्षीय मतदान. डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मत डाव्या विचारांचे सिनेटर सँडर्स यांना द्यायचं ठरवलंय. गेल्या शनिवारी शिवजयंतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत जो भेटला त्याने एकच ऐकवलं, "विचार चांगले आहेत हो, पण ते निवडून येणार नाहीत."

हे कोणी ठरवलं? २००४ मध्ये युद्धविरोधी डीन नकोत, केरी निवडून येतील म्हणून केरींना उमेदवारी दिली. हरले. २०१६ मध्ये क्लिंटन खात्रीच्या उमेदवार होत्या. देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त मिळवूनही आपलं मिशिगन १०,७०४ मतांनी ट्रम्पकडे गेलं. त्याच वर्षी इथल्या प्रायमरीत सगळ्या चाचण्या क्लिंटनना बरंच पुढे दाखवत होत्या आणि जिंकले सँडर्स. यंदाही आयोवात सर्वाधिक मतं त्यांना, न्यू हॅम्पशायर त्यांचं, नेव्हाडा तर दणदणीत.

माझ्यासाठी मुद्दा आरोग्यविम्याचा आहे. २८ डिसेंबरला मुलाचा हात मोडला. त्या दिवसाचं बिल जुन्या वर्षाच्या डिडक्टिबलमध्ये (विमा पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी आपण भरायची रक्कम) गेलं. १ जानेवारीला डिडक्टिबल परत शून्यावर, त्यामुळे प्लास्टर काढणं, दुसरा एक्सरे, फिजिओथेरपी, सगळं पुन्हा खिशातून. हात तोच, मोडला एकदाच. सँडर्स यांची सगळ्यांना सरकारी विमा देणारी 'मेडिकेअर फॉर ऑल' मला भाषणातली घोषणा वाटत नाही ती यामुळे.

हिशेबी

ताई, बिलाचा त्रास कळतो. पण सिनेटमध्ये आज ५३ रिपब्लिकन आहेत आणि असं विधेयक पुढे न्यायला ६० मतं लागतात. २००९ मध्ये ओबामांकडे ६० होती, तरी एकटे सिनेटर लीबरमन अडून बसले आणि साधा सरकारी विम्याचा पर्यायसुद्धा गाळावा लागला. मग खासगी विमा बंदच करणारा कायदा कुठून आणणार? खर्चाचं विचारलं तर सँडर्स गेल्या रविवारी मुलाखतीत ३० लाख कोटी डॉलरच्या आसपास म्हणाले, पै-पैचा हिशेब आत्ता सांगता येणार नाही असंही म्हणाले. कर भरणाऱ्याने हे ऐकून घ्यायचं?

आणि तुमच्याच भागाचं बघा. २०१८ मध्ये तुमचा मतदारसंघ रिपब्लिकनांकडून घेतला हेली स्टीव्हन्सनी, गव्हर्नर झाल्या व्हिटमर. दोघीही मध्यममार्गी. व्हिटमरनी प्रायमरीत सँडर्सचा पाठिंबा असलेल्या एल-सय्यद यांना हरवलं होतं.

नोव्हायकर

व्हिटमर रस्ते दुरुस्त करण्याच्या वचनावर आल्या, विचार मवाळ होते म्हणून नाही. लोकांना रोज टोचणारी गोष्ट त्यांनी धरली. विमाही तसाच टोचतो. मागच्या सप्टेंबरात जीएमचा संप झाला तेव्हा कंपनीने संपकऱ्यांच्या विम्याचे पैसे थांबवले होते, ओरड झाल्यावर परत सुरू केले. मालकाच्या हातात औषधपाणी ठेवलं की हे होणारच. नेव्हाडात हॉटेल कामगारांच्या युनियनचे नेते स्वतःची विमा योजना जाईल म्हणून विरोधात होते, तरी कसिनोंमधल्या केंद्रांवर कामगारांनी मोठ्या संख्येने सँडर्सनाच उचललं.

कोलंबियाहून

साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात राहतो. परवा शनिवारी इथे मतदान आहे आणि काल इथले वजनदार कृष्णवर्णीय खासदार क्लायबर्न यांनी मध्यममार्गी बायडनना पाठिंबा दिला. माझ्या शेजारच्या कृष्णवर्णीय बाई सत्तरीच्या आहेत, दर रविवारी चर्चमधून येताना आमच्या अंगणात थांबतात. त्यांना सँडर्सचं बरंच काही पटतं. तरी मत बायडनना. त्या म्हणतात, "इथले गोरे लोक कुणाला मत देतात ते मी जन्मभर पाहिलंय." त्याला भित्रेपणा म्हणायला माझी जीभ धजणार नाही. ट्रम्प परत आले तर पहिली झळ कुणाला बसणार, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

रांगेतला

तुम्ही सगळे ज्या मतावर भांडताय ते मला नाहीच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डाच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) रांगेत. ग्रीन कार्डांवरची देशागणिक ७ टक्क्यांची मर्यादा काढणारं विधेयक गेल्या जुलैत प्रतिनिधीगृहात ३६५ मतांनी पास झालं आणि सिनेटमध्ये अडकून पडलं. तेव्हा हिशेबींचं म्हणणं मी रोज भोगतोय. बायकोचं एच-४ वरचं (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्क परमिट रद्द करायचा प्रस्तावही २०१७ पासून डोक्यावर लटकतोय. ताई, आमच्या घरात प्रश्न एवढाच आहे, नोव्हेंबरात ट्रम्प हरतील की नाही. तुमच्या मुलाच्या हाताइतकंच हेही खरं आहे.

नोव्हायकर

दादा, तुमचं वाचून बराच वेळ उत्तर सुचलं नाही. पटणाऱ्याला मत द्यायचं हे म्हणणं माझं अजूनही आहे. फक्त, माझं मत चुकलं तर त्याची किंमत तुमच्या बायकोच्या नोकरीतून जाईल, हे मी धरलंच नव्हतं.

२०१८ च्या सार्वमतानंतर मिशिगनमध्ये कारण न देता टपालाने मत देता येतं. माझी मतपत्रिका आठवडाभर स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवली आहे, सँडर्सपुढचं वर्तुळ भरून. पाकीट चिकटवलेलं नाही. शनिवारी कोलंबियावाल्यांच्या शेजारच्या बाई काय करतात ते बघते, मग सोमवारी स्वतः शहराच्या क्लार्कच्या (मतदान सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसात नेऊन देते. आणि नोव्हेंबरात उमेदवार कुणीही असो, आमच्या सबडिव्हिजनमधलं एकेक दार मी वाजवणार आहे. हिशेबी, तुम्ही ट्रॉयलाच राहता ना? याल का बरोबर?

हिशेबी

येतो. शनिवार सोडून कधीही, मुलीची मराठी शाळा असते.