मदत हवी आहे: नव्या माउथऑर्गनचा दुसरा सूर घुसमटतोय

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात दहा भोकांचा, सी म्हणजे पेटीच्या पांढरी एक पट्टीचा माउथऑर्गन घेतला. भजनी मंडळात पंधरा वर्षं पेटी वाजवते, त्यामुळे मधलं सप्तक लगेच सापडलं. चौथं भोक फुंकलं की सा, ओढलं की रे. पाचव्यावर ग-म, सहाव्यावर प-ध. सातव्यावर मात्र क्रम उलटा, आधी ओढून नी आणि मग फुंकून सा. तिथे हात नाही, श्वास अडखळतो!

पण गाडं अडलंय दुसऱ्या भोकावर. ओढून मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, यायला हवा. येतो तो उतरलेला, गळा दाबल्यासारखा. दहावं भोक तर बोलतच नाही. दुकानदार म्हणाले, "नवा आहे, दणकून वाजवा, मोकळा होईल." शेजारचे काका म्हणतात, कोमट पाण्यात बुडवून ठेव. एका व्हिडिओत ऐकलं की सुरुवातीचे दिवस अगदी हलक्या श्वासानेच वाजवायचं. माझ्या वाद्याचा मधला भाग लाकडी आहे, म्हणून पाण्याला धजत नाही. मी मिरजेची. तानपुऱ्याची जवारी लावून देणारे हाकेच्या अंतरावर आहेत, पण याचं विचारायला कुणी मिळेना.

दोष वाद्यात आहे की माझ्यात? आणि हलकं म्हणजे नेमकं किती हलकं?

प्रतिसाद

ताई, पाणी मुळीच नको. लाकूड फुगून भोकांच्या कडा वर येतात, ओठ सोलवटतात. सुकल्यावर आक्रसून फटी पडतात आणि हवा गळते. दणकून वाजवणंही नको. आतली प्रत्येक पितळी पट्टी एकाच टोकाला जखडलेली असते. सतत जोर दिला की ती मुळाशी थकते, सूर उतरतो आणि शेवटी तुटते. तुमच्या पेटीतही अशाच पट्ट्या आहेत, तिथे तुम्ही भाता आपटत नाही ना?

आता एक करा. तिसरं भोक फुंकून येतो तो मंद्र पंचमच, अगदी तोच सूर. तो फुंका, कानात धरा, मग दुसरं ओढा. जबडा सैल, जीभ खाली, श्वास झोपलेल्या माणसासारखा. दुसरा तिसऱ्याशी जुळला तर वाद्य निर्दोष आहे. ओढताना जीभ वर गेली की सूर खाली वाकतो. ही युक्ती पुढे लागेलच, कारण खालच्या सप्तकातले म आणि ध सरळ मिळत नाहीत, असे वाकवूनच काढावे लागतात. पण त्याला अजून अवकाश आहे. दहाव्याला तर जितका जोर द्याल तितका तो गप्प बसेल.

वाजवण्याआधी चूळ भरा, वाद्य तळहातात धरून कोमट होऊ द्या. पहिले काही दिवस रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. झाल्यावर भोकं खाली करून तळहातावर हलकेच आपटा, ओल निघून जाते.

धागाकर्ती

खूप आभार! सकाळी करून पाहिलं. पहिल्या तीन खेपा पंचम उतरलाच. चौथ्या वेळी श्वास इतका कमी घेतला की आता काहीच वाजणार नाही असं वाटलं, आणि नेमका तेव्हाच दुसरा तिसऱ्याशी जुळला. पेटीवर पांढरी पाच दाबून पडताळलं, बरोबर आहे. दहावं फुंकताना बारीकसं बोललं, ओढताना अजून नाही.

एकच विचारायचं राहिलं. तळहातावर आपटूनही लाकडाला ओल जाणवते. लगेच डबीत बंद करू की थोडा वेळ उघडा ठेवू? आमच्याकडे सध्या पाऊस धो धो आहे.