पिच म्हणजे नक्की काय? डिक्शनरीत तर डांबर दिलंय!

आटेवाला:
आयटीआय करून एका वर्कशॉपला लागलोय. काल मालकांनी एम १० चा, म्हणजे १० मिमी जाडीचा, बोल्ट आणायला पाठवलं, दुकानदार विचारतो पिच किती, मी म्हटलं साधा द्या, तर बोल्ट दीड फेरा आत गेला आणि अडकला, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच. बहीण गाणं शिकते, ती म्हणते पिच म्हणजे सूर. क्रिकेटचं माहितीये. आणि डिक्शनरी उघडली तर पहिलाच अर्थ डांबर! काय भानगड आहे?

जुना फिटर:
अरे, लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच. नट एक पूर्ण फेरा फिरवला की तेवढाच सरकतो. एम १० मध्ये साधा म्हणजे १.५ मिमी, तुमच्या मशीनवर बहुतेक १.२५ चा बारीक आटा असणार. वर पाना लावून जोर नाही केलास ना, आटेच गेले असते. पिच गेज नसेल तर एका आट्याच्या टोकापासून पुढची दहा टोकं मोज, पट्टीवर जे अंतर येईल त्याला दहाने भाग.

डेकोरेशनवाला:
आम्ही लग्नात स्टेजमागे एलईडी वॉल लावतो, त्यातलं पी ३, पी ४ म्हणजे पण पिचच, एका दिव्याच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत ३ नाहीतर ४ मिमी. पार्टीला एवढंच कळतं की पी ३ महाग.

काळी चार:
बहिणीचं अर्धं बरोबर. सूर किती उंच आहे ते पिच. पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, साधारण सेकंदाला ४४० कंपनांवर लावतात. मी काळी चारला गाते, आमचे सर काळी एकला, म्हणजे 'सा' दोघांचाही, पण पिच वेगळं, आणि एकत्र गायला बसलो की कुणाच्या तरी गळ्याचे हाल.

शब्दवेडा:
डांबरवालं पिच वेगळाच शब्द आहे, लॅटिन पिक्सवरून आलेला, स्पेलिंग जुळलं एवढंच. क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ पासून ते नरसाळ्यात ठेवलंय, २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले!! क्रिकेटचं मात्र रोवणे, ठोकणे या क्रियापदातलं. तंबू पिच करतात तसे स्टंप पिच करायचे, मग मधल्या २२ यार्डांनाच ते नाव पडलं.

आटेवाला:
काका, १.२५ च निघाला 🙏 पण गंमत बघा, क्रिकेटची खेळपट्टी, गाण्याची स्वरपट्टी, आणि तुम्ही मोजायला सांगितली ती पण पट्टीच.

डेकोरेशनवाला:
पाणीपट्टी भरली का?